पडून असलेली जुनी हार्ड डिस्क अख्ख्या घराच्या कामी कशी आणायची

लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून घेतली, जुना डेस्कटॉप मोडीत काढला, की मागे एक हार्ड डिस्क उरते. ५०० जीबीची, नशीब असेल तर १ किंवा २ टीबीची. चालू आहे म्हणून टाकवत नाही, आणि कशाला लावायची ते कळत नाही म्हणून वापरलीही जात नाही. त्याच घरात फोटो चार फोनांत विखुरलेले असतात, सिनेमे कुणाच्या तरी लॅपटॉपवर, गाणी कुठल्याशा पेनड्राइव्हवर. टीव्हीवर काही लावायचं म्हटलं की आधी तो पेनड्राइव्ह शोधा. हीच डिस्क घरच्या वायफायला जोडली तर टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळ्यांना एकाच जागेवरून सगळं दिसतं. यासाठी बाजारात तयार पेट्या मिळतात, त्यांना नॅस म्हणतात. त्या पेटीत जे चालतं ते बरंचसं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं, त्यामुळे घरच्या घरी तेच उभं करणं फार अवघड नाही.

पण एक गोष्ट आधीच ठरवून टाकू, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. जुन्या डिस्कवर जायचं ते फक्त असं सामान, ज्याची दुसरी प्रत कुठेतरी आहे किंवा जे गेलं तरी पुन्हा मिळवता येतं. सिनेमे, गाणी, फोटोंची जास्तीची प्रत, मुलांचे व्हिडिओ, सॉफ्टवेअरच्या फायली, हे चालेल. आजी-आजोबांच्या फोटोंची एकुलती एक प्रत अजिबात नाही. एवढं पाळलं तर उरलेल्या लेखातली प्रत्येक चूक दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

आधी डिस्क ओळखा

हार्ड डिस्क दोन मापांच्या असतात. लॅपटॉपमधली २.५ इंची, साधारण तळहाताएवढी. डेस्कटॉपमधली ३.५ इंची, जाडजूड आणि वजनदार. फरक दिसायला मापाचा आहे, पण खरा फरक विजेचा आहे. २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, म्हणजे यूएसबीच्या वायरमधूनच तिचं भागतं. ३.५ इंची डिस्कला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबीचं साधं पोर्ट ते देत नाही. म्हणून तिच्या केसिंगला, म्हणजे उघडी डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या डबीला, भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर असतो. तो नसलेलं केसिंग ३.५ इंचीसाठी घेऊन उपयोग नाही.

मग मागचं कनेक्टर पाहा. चपट्या, एल आकाराच्या दोन खाचा शेजारी शेजारी असतील, एक छोटी आणि एक लांब, तर ती साटा डिस्क. २००३ नंतर हळूहळू सगळीकडे हेच आलं. टोकदार पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर ती आयडीई, म्हणजे बरीच जुनी. आयडीईसाठीही अडॅप्टर मिळतात, पण तिची क्षमता बहुधा ४० ते १६० जीबी निघते. तेवढी जागा आज मध्यम किमतीच्या फोनमध्येही असते. आयडीई डिस्कवरचं जुनं सामान एकदा उतरवून घ्या आणि तिला रजा द्या, हे माझं स्पष्ट मत.

जी डिस्क आधीपासूनच एक्स्टर्नल होती, तिचं केसिंग फोडण्याआधी थांबा. काही केसिंगमधलं छोटं सर्किट डेटा स्वतःच कुलूपबंद करून लिहितं. डिस्क बाहेर काढून दुसरीकडे लावली की ती कोरी किंवा बिघडलेली भासते. काही मॉडेलमध्ये तर डिस्कच्या बोर्डावरच यूएसबीचं सॉकेट डाखलेलं असतं, साटा नसतंच. अशी डिस्क आहे तशीच, तिच्या मूळ वायरनेच वापरायची.

टक्-टक् आवाज आला तर

डिस्क लावली, दिवा लागला, आतून टक्... टक्... टक् असा ठराविक अंतराने आवाज आला आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. बहुतेक जण इथे डिस्कने राम म्हटला असं समजतात. तसं असूही शकतं, पण निकाल देण्याआधी वीज तपासा. यूएसबी २ चं पोर्ट प्रमाणाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९०० मिलिअँपिअर. २.५ इंची डिस्क चालू झाल्यावर थोडक्यात भागवते, पण थांबलेल्या तबकड्यांना पहिला वेग देताना ती काही क्षण १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. तेवढी वीज मिळाली नाही की तबकडी फिरू लागते, मंदावते, पुन्हा प्रयत्न करते. आवाज अगदी बिघडलेल्या डिस्कसारखाच येतो. वायर बदला, लांब आणि बारीक वायर टाळा, कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब वापरा. यानंतरही टक्-टक् थांबली नाही, तर मात्र बहुधा आतलं हेड, म्हणजे तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग, गेलं आहे आणि त्या डिस्कवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आत एखादी गोष्ट हवीच असेल तर डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

डिस्कचं आरोग्यपत्रक

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालले, किती वेळा सुरू झाले, किती जागा खराब सापडल्या, सगळं तिथे असतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती दाखवतो, लिनक्सवर आणि मॅकवर स्मार्टमॉनटूल्स. काही स्वस्त यूएसबी अडॅप्टर ही माहिती पुढे जाऊच देत नाहीत. तसं झालं तर डिस्क थोड्या वेळासाठी थेट डेस्कटॉपच्या साटा वायरला लावून पाहावी लागते.

यादी लांबलचक असते आणि पाहून घाबरायला होतं, पण त्यातल्या चारच ओळी वाचायच्या. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर. तबकडीवरची खराब ठरलेली जागा बाद करून तिच्या बदली डिस्कने राखीव जागा वापरायला घेतली, असं किती वेळा झालं त्याचा हा आकडा. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर. इथे लिहिलेलं नीट वाचता येत नाही आणि ही जागा बाद करायची की नाही हे डिस्कने अजून ठरवलेलं नाही. सी६ म्हणजे तपासणीतही वाचता न आलेल्या जागा. आणि सी७ ही वायरमध्ये झालेल्या चुकांची मोजणी. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटाची वायर बदला. लिनक्सवर हेच क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ असे दिसतात.

०५, सी५ आणि सी६ तिन्ही शून्य असतील तर उत्तम. ०५ मध्ये लहानसा आकडा आहे आणि महिनोन्महिने तो तसाच आहे, तर सिनेमांसाठी अशी डिस्क वापरायला हरकत नाही. सी५ शून्याच्या वर असेल तर पूर्ण डिस्क एकदा लिहून काढायची, म्हणजे विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढून टाकायची. आतलं सगळं पुसलं जाईल हे अर्थातच लक्षात घेऊन. नव्याने लिहिताना डिस्कला त्या संशयित जागांचा निकाल लावावाच लागतो. जागा चांगली असेल तर ती वापरात परत येते, खराब असेल तर ०५ च्या खात्यात जाते. लिहून झाल्यावर सी५ शून्यावर आला आणि पुढे तिथेच राहिला, तर ठीक. पुन्हा डोकं वर काढलं तर डिस्क निवृत्त.

दोन खोड्या माहीत असू द्या. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीने दाखवतो, त्यामुळे तिथे शेवटी १० दिसलं तर ते प्रत्यक्षात १६ असतं. सेटिंगमध्ये हे बदलून साधे आकडे करता येतात. दुसरी खोडी ०१ आणि ०७ या ओळींची. सीगेटच्या डिस्कवर तिथे कोट्यवधींतले आकडे दिसतात आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो आकडा नुसत्या चुकांचा नसतो. डिस्कने केलेल्या एकूण कामाची मोजणीही त्यातच मिसळलेली असते.

किती तास चालली तेही पाहा. वर्षाचे ८,७६० तास होतात, म्हणजे २०,००० तास हे सलग सव्वादोन वर्षांचं काम झालं. हा आकडा एकटा काही सांगत नाही. ४०,००० तास चाललेल्या डिस्क आजही कुठे कुठे निमूट फिरत असतात.

हे पत्रक स्वच्छ असलं म्हणजे डिस्क सुरक्षित, असं मात्र धरून चालू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त अशा होत्या, ज्यांच्या स्मार्टमध्ये तापमान सोडलं तर कशाचीच नोंद नव्हती. सगळं नॉर्मल, आणि एक दिवस बसली. म्हणजे खराब पत्रक दिसलं तर विश्वास ठेवायचा, चांगलं दिसलं तर अर्धाच ठेवायचा.

शेवटची परीक्षा म्हणजे लांब तपासणी. डिस्क स्वतःचा कोपरान्‌कोपरा वाचून पाहते. १ टीबीच्या डिस्कला सेकंदाला सरासरी १०० एमबी धरले तरी पावणेतीन तास लागतात, यूएसबी २ वरून बाहेरच्या प्रोग्रामने वाचायला घेतलं तर त्याहून बरेच जास्त. रात्री लावून झोपा.

कशाला जोडायची

सर्वांत सोपा मार्ग तुमच्या राउटरच्या पाठीवर असू शकतो. बऱ्याच राउटरना यूएसबी पोर्ट असतं. डिस्क तिथे लावायची, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन शेअरिंग चालू करायचं, झालं. वेगळं यंत्र नको, वेगळी वीज नको, कारण राउटर तसाही दिवसरात्र चालू असतो. मर्यादा अशी की राउटरचा प्रोसेसर अशक्त असतो, वेग बेताचा मिळतो आणि सॉफ्टवेअर जुनाट असू शकतं. त्या जुनाटपणाचा धोका पुढे सांगतो. घरात दोन-तीन जण सिनेमे पाहणार, एवढीच गरज असेल तर यापुढे जायची गरज नाही.

दुसरा मार्ग रास्पबेरी पाय किंवा तसला छोटा कॉम्प्युटर. घ्यायचाच असेल तर पाय ४ किंवा त्यानंतरचा घ्या. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ ला यूएसबी ३ आणि पूर्ण वेगाचं गिगाबिट नेटवर्क आहे. त्याआधीच्या मॉडेलमध्ये नेटवर्क आणि यूएसबी एकाच अरुंद वाटेने जायचे. पाय ४ ची चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. एक २.५ इंची डिस्क चालते, दोन लावायच्या असतील तर अडॅप्टरवाला हब लागेल.

तिसरा मार्ग पडून असलेला जुना लॅपटॉप, आणि खरं सांगायचं तर मला हाच सर्वांत आवडतो. प्रोसेसर पायपेक्षा बहुधा दणकट असतो, स्क्रीन आणि कीबोर्ड सोबतच येतात आणि बॅटरीमुळे वीज गेली तरी डिस्क धाडकन बंद होत नाही. झाकण लावल्यावर झोपू नये एवढी सेटिंग बदलायची. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेला वाटला, तर बॅटरी काढून टाकल्याशिवाय तो लॅपटॉप सतत चार्जरला लावून ठेवायचा नाही. लॅपटॉपवर डेबियन लिनक्सच्या पायावर बांधलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलं तर शेअरिंग, वापरकर्ते आणि डिस्कची तपासणी हे सगळं ब्राउझरमधून हाताळता येतं.

जुना डेस्कटॉप मी सुचवणार नाही. दिवसरात्र १० वॅट खाणारं यंत्र वर्षाला साधारण ८८ युनिट वीज घेतं. ६० वॅट खाणारा डेस्कटॉप ५२५ युनिटच्या वर जातो. फुकटची डिस्क वापरायला काढायची आणि बिलात ती विकत घ्यायची, असा प्रकार होतो.

वेगाबद्दल उगाच धास्ती असते, म्हणून थोडा हिशेब. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आठ बिट म्हणजे एक बाइट. दोन तासांचा ४ जीबीचा सिनेमा म्हणजे सेकंदाला साडेचार मेगाबिटसुद्धा नाही. जुनं १०० मेगाबिटचं नेटवर्क असले डझनभर सिनेमे एकाच वेळी पोचवू शकतं. अडचण येते ती मोठ्या फोरके फायलींची. त्यांचा प्रवाह सेकंदाला ५० मेगाबिटच्या वर सहज जातो आणि गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर अडखळतो. टीव्हीला शक्यतो केबल लावा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर आणा. सुरुवातीचा सगळा ढिगारा मात्र वायफायवरून भरू नका. २०० जीबी सामान १०० मेगाबिटवरून न्यायला पाच तास लागतात. डिस्क यूएसबी ३ ने थेट लॅपटॉपला लावली तर तेच काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

फॉरमॅट कोणता

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत. त्यातलं एफएटी३२ नको. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि चांगल्या प्रतीचा सिनेमा त्याहून मोठाच असतो. एक्सफॅटला ती अडचण नाही आणि विंडोज, मॅक, नवे लिनक्स सगळे ते वाचतात. पण लिहिताना मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेलं काम सावरण्यासाठी लागणारी नोंद ते ठेवत नाही. सतत जोडून ठेवायच्या डिस्कला हा कच्चा दुवा आहे. डिस्क राउटरला लावायची असेल, किंवा कधीमधी काढून विंडोजला लावायची असेल, तर एनटीएफएस बरं. मॅक ते वाचतो पण आपल्या आपण लिहीत नाही. डिस्क कायमची पाय किंवा लिनक्सवाल्या लॅपटॉपला राहणार असेल तर ईएक्सटी४ करा आणि विसरून जा. फक्त ईएक्सटी४ डिस्क काढून विंडोजला लावली की विंडोज तिला फॉरमॅट करू का असं विचारतं. तिथे हो म्हणायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सामान दाखवायच्या तीन पद्धती

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण एकाच डिस्कवरच्या त्याच फायली तीन वेगवेगळ्या दारांतून बाहेर पाठवता येतात आणि प्रत्येक दाराचे नियम वेगळे आहेत.

पहिलं दार एसएमबी, म्हणजे विंडोजचं जुनं फोल्डर शेअरिंग. लिनक्सवर आणि बऱ्याच राउटरमध्ये हे काम साम्बा नावाचं सॉफ्टवेअर करतं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ते लिहायला घेतलं आणि आजही ते जोमात आहे. दुसरं दार डीएलएनए. सोनी आणि इंटेल यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था, त्यामागची संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण टीव्हींमध्ये ती अजून असते. दोन्हींतला फरक ग्रंथालयासारखा आहे. एसएमबी म्हणजे मोकळी कपाटं, आत जा, पुस्तक काढा, नवं ठेवा, जागा बदला. डीएलएनए म्हणजे खिडकीवर बसलेला कर्मचारी, जो तुम्हाला यादी देतो आणि मागितलेलं वाचायला देतो, पण कपाटापाशी जाऊ देत नाही. म्हणून डीएलएनएवरून टीव्ही काही पुसू शकत नाही, आणि म्हणूनच फोनमधले फोटो डिस्कवर चढवायला ते निरुपयोगी आहे. त्याला पासवर्डही नसतो. घरच्या नेटवर्कवर आलेल्या कुणालाही यादी दिसते.

बहुतेक घरांना दोन्ही लागतात. लॅपटॉप आणि फोनसाठी एसएमबी, जुन्या टीव्हीसाठी डीएलएनए. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर डीएलएनएही नको. त्यावर व्हीएलसी किंवा कोडी टाका, ते थेट एसएमबीचं फोल्डर उघडतात. फोनवरही व्हीएलसी हेच करतं.

तिसरं दार जेलीफिनसारख्या मीडिया सर्व्हरचं. एम्बी नावाच्या प्रोग्रामपासून फुटून २०१८ च्या डिसेंबरमध्ये जेलीफिन सुरू झालं. ते पूर्णपणे फुकट आणि खुलं आहे. पोस्टर, माहिती, कुणी कुठवर पाहिलं याची आठवण, मुलांसाठी वेगळं खातं, असा सगळा थाट ते देतं. त्याचं महत्त्वाचं काम मात्र पडद्यामागे चालतं. टीव्हीला फाइल समजत नसेल तर ते चालू असतानाच तिचं रूपांतर करून पाठवतं. व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून बसवलेला असतो तिला कोडेक म्हणतात. एच.२६४ जवळजवळ सगळीकडे चालतो, पण २०१३ मध्ये आलेला एचईव्हीसी जुन्या टीव्हींना कळत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा आवाज डीटीएस पद्धतीचा आहे आणि तुमचा टीव्ही ती पाळत नाही. नुसता आवाज बदलून देणं हलकं काम आहे. एचईव्हीसीचं चित्र बदलून देणं मात्र भारी पडतं, पायसारख्या यंत्राची त्यात दमछाक होते. अशा वेळी सर्व्हरला छळण्यापेक्षा टीव्हीला एक चांगली स्ट्रीमिंग स्टिक लावणं शहाणपणाचं. फाइल आहे तशी जाते, उलगडायचं काम स्टिक करते.

देवनागरीबद्दल एक खास सूचना. मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटले तर फाइल बहुधा यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली नसते. नोटपॅडमध्ये उघडली आणि तिथे अक्षरं नीट दिसत असतील, तर सेव्ह अ‍ॅज करताना खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा. सबटायटलच्या फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवा. फोल्डरची नावं देवनागरीत द्यायला डिस्कची ना नसते, पण जुन्या टीव्हीत त्या लिपीचा फॉन्टच नसेल तर चौकोनांची रांग दिसते. तसल्या टीव्हीसाठी नाइलाजाने रोमन अक्षरांतली नावं बरी.

शेअर सापडतच नाही

सगळं बसवून झालं आणि लॅपटॉपच्या नेटवर्कच्या यादीत काहीच दिसत नाही, हा नेहमीचा अनुभव. यादीच्या नादी लागू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरला, म्हणजे डिस्क जोडलेल्या यंत्राला, एक कायमचा पत्ता देऊन टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. मग फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे तो पत्ता टाइप करा, अर्थात इंग्रजी आकड्यांत. बहुतेक वेळा फोल्डर समोर येतं. तरी नाही आलं तर फोन किंवा टीव्ही गेस्ट वायफायवर तर नाही ना ते पाहा. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना घरची बाकीची उपकरणं दिसू नयेत, हीच तर त्याची रचना. आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या पासवर्डविना असलेलं शेअर उघडायला नकार देतात, त्यामुळे शेअरला नाव आणि पासवर्ड लावून टाका.

पासवर्ड तसाही लावायचाच आहे. एक खातं लिहिण्याचे अधिकार असलेलं, दुसरं फक्त पाहण्याचं. टीव्ही, मुलं आणि पाहुणे दुसऱ्यावर. साम्बामध्ये रीसायकल बिन चालू करायची सोय आहे, ती करून ठेवा, कारण नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही. थेट जाते.

आता राउटरच्या जुनाटपणाचा धोका. एसएमबीची पहिली आवृत्ती, एसएमबी१, आज वापरायची नाही. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भोकातून शिरला होता. त्या वर्षाअखेरच्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ती आपोआप बसवली जात नाही. तुमचा राउटर फक्त एसएमबी१ बोलत असेल तर विंडोजमध्ये ती पुन्हा चालू करण्याचे सल्ले मिळतील. ते ऐकू नका. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, जमलं नाही तर त्याचं शेअरिंग बंद करून पाय किंवा लॅपटॉपचा मार्ग धरा.

बाहेरगावाहून आपले सिनेमे पाहता यावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून देणं, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट मोकळी करणं, हा तर आगीशी खेळ. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती नॅस पेट्या शोधून त्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत येणारी कुलूपबंद वाट, किंवा तसंच टेलस्केल वापरा.

रोजची काळजी आणि दुसरी प्रत

डिस्क मोकळ्या हवेत ठेवा, ४५ अंशांच्या आत राहिली तर छान. फिरत असताना उचलू नका, उलटी करू नका. काम नसताना २०-३० मिनिटांनी थांबायला सांगा. मग पहिला सिनेमा लावताना पाच-दहा सेकंद थांबावं लागेल, तो बिघाड नव्हे. हा अवधी फार कमी ठेवला तर डिस्क सारखी उठते-बसते, आणि तसंही नुकसान होतं. लॅपटॉपच्या काही डिस्क तर काही सेकंदांची उसंत मिळाली की हेड बाजूला नेऊन ठेवतात. स्मार्टमधली सी१ ही ओळ ते मोजते. बऱ्याच मॉडेलना कंपन्या ६ लाखांपर्यंतची मर्यादा देतात, आणि दिवसरात्र जोडलेली डिस्क तिथवर अपेक्षेपेक्षा लवकर पोचते. आकडा रोज शेकड्यांनी वाढताना दिसला तर वीज वाचवण्याची ती सेटिंग सैल करा.

दोन जुन्या डिस्क असतील तर त्यांची रेड जोडी करायचा मोह होतो, म्हणजे एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर. माझा सल्ला, करू नका. चुकून पुसलेलं फोल्डर दोन्हींवरून त्याच क्षणी पुसलं जातं. त्यापेक्षा दुसरी डिस्क कपाटात ठेवा, महिन्यातून एकदा काढा, नवं सामान तिच्यावर उतरवा आणि परत ठेवा. फोटोंसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यात ही जुनी डिस्क तिसरी प्रत म्हणून बसते, पहिली म्हणून कधीच नाही.

त्याच मासिक फेरीत स्मार्टही पाहून घ्या. सी५ किंवा ०५ वाढू लागला, फाइल उघडताना मिनिटभर सगळं गोठू लागलं, की सामान दुसरीकडे हलवा आणि डिस्क बंद करा. भंगारात देण्याआधी ती चालत असेल तर एकदा पूर्ण शून्यांनी लिहून काढा. हार्ड डिस्कला एक फेरी पुरते, सात फेऱ्यांची जुनी शिफारस आता विसरा. चालत नसेल तर तबकडीला ड्रिलने भोकं पाडा. फक्त आधी डोळ्यांना गॉगल लावा, कारण लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि फुटल्या की त्यांचे तुकडे उडतात. उरलेलं धूड ई-कचऱ्यात द्या.